हृदय बरे झाले, आवाजाचे काय?

बाळाचा आवाज बारीक, श्वास घेताना घरघर, दूध पिताना ठसका. ‘कफ आहे, मोठं झालं की जाईल’ असे म्हणून घरातली मोठी माणसे मोकळी होतात. अनेकदा तसे होतेही. स्वरयंत्राचा मऊपणा असेल तर तो बहुधा दोन वर्षांत ओसरतो. पण काही बाळांत स्वरतंतूंची हालचालच थांबलेली असते आणि नुसत्या कानाने हा फरक कळत नाही.

डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत तिला इजा होऊ शकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे गरिबाघरच्या मुलांनाही या शस्त्रक्रिया मोफत मिळू लागल्या, ही मोठीच गोष्ट. मात्र हृदय दुरुस्त होऊन किन्हवलीसारख्या गावी परतलेल्या बाळाचा आवाज बसला असेल, दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर ते विचारणार कोण? शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत गळाही पाहिला गेलाच पाहिजे.

आशाताईंच्या गृहभेटीच्या तक्त्यात क्षीण रडण्याची नोंद असते. गडचिरोलीत ‘सर्च’ने घडवलेल्या नवजात सेवेतही ते जंतुसंसर्गाचे एक लक्षण होते. संसर्ग नाही, तरी रडणे क्षीणच, असे असेल तर बाळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे. उलटा धोकाही आहे. दोन्ही स्वरतंतू मध्यावर अडकले, तर रडणे जवळजवळ नेहमीसारखे ऐकू येते. गुदमरतो तो श्वास. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, तर तासभरही थांबू नये.

निदान एक्स-रेने होत नाही. बाळ जागे असताना नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून काही मिनिटांत ते होते. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक वारी मिळाली, तर आसनगावहून लोकल धरून परळ गाठण्याची वेळ मोजक्यांवरच येईल. पुष्कळ मुलांत हालचाल काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत आपोआप परतते, म्हणून कायमस्वरूपी शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. तोवर बाळाला कसे धरून पाजायचे, दूध किती दाट हवे, हे तज्ज्ञाने आईला प्रत्यक्ष दाखवावे लागते.

दोन्ही बाजू बंद असलेल्या काही बाळांच्या गळ्यात मात्र श्वासासाठी नळी बसवावी लागते. ती तुंबली तर मिनिटांचा प्रश्न असतो. अशा बाळाला घरी सोडताना आईला नळी साफ करण्याचे शिक्षण आणि पावसाळ्यात वीज गेली तरी पायाने चालणारा सक्शन पंप, दोन्ही सरकारी खर्चातून द्यावेत.