आधी कोपरे, मग चढाईपटू

कशेळे, कर्जत, खोपोली या पट्ट्यातल्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ बांधायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चढाई कोण करणार? माझ्या मते पहिला प्रश्न दोन्ही कोपऱ्यांत कोण उभे राहणार, हा असायला हवा. महाविद्यालयाला खेळाडू मिळतो तो तीन-चार वर्षांपुरता. त्यात एखादा मुलगा उपजत चपळ चढाईपटू निघाला, तर मोठा क्लब किंवा नोकरी देणारा व्यावसायिक संघ त्याला लवकर हेरतो, आणि त्याच्याभोवती उभारलेला संघ तो जाताच कोसळतो. बचाव मात्र एका माणसाबरोबर निघून जात नाही. कोपरारक्षकाने घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्याने कमरेवर यायचे आणि मध्यरक्षकाने परतीची वाट अडवायची, हे रोज एकत्र सराव करणाऱ्या मुलांना शिकवता येते, आणि जुनी मुले ते नव्यांना देऊ शकतात. चढाईतली अंगभूत चपळाई अशी हातोहात देता येत नाही.

गुणांचा हिशेब पाहा. चढाईतला एक स्पर्श आणि एक पकड, दोन्हींचा एकच गुण; दोन्हींत समोरचा एक बाद होतो आणि आपला एक जिवंत होतो. पण स्पर्शाने जो हाताला लागेल तो बाहेर जातो, पकडीने मात्र ज्याच्यावर प्रतिस्पर्ध्याची सगळी भिस्त आहे नेमका तोच बाहेर जातो. तो बाहेर बसलेला असताना त्या संघाच्या चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर येतात, आणि गावपातळीवर सामना फिरतो तो याच पाच-सात मिनिटांत. शिवाय मैदानात आपले तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेली पकड अव्वल पकड ठरून दोन गुण देते.

यावर प्रदीप नरवालचे नाव घेतले जाणारच. प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामात त्याने चढाईचे 369 गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसरे विजेतेपद पटकावले. एकटा चढाईपटू संघ तारतो याचा याहून मोठा दाखला नाही, हे मान्य. पण त्याच संघाची पुढची गोष्टही सांगायला हवी. आठव्या हंगामाआधी यूपी योद्धाने नरवालला 1 कोटी 65 लाखांना घेतले. पाटण्याने मोहम्मदरेझा शादलूसारख्या बचावपटूभोवती नवा संघ उभा केला, साखळी फेरीत पहिला क्रमांक मिळवला आणि उपांत्य सामन्यात नरवालच्याच यूपीला 38-27 असे हरवले. अंतिम सामना त्यांनी दिल्लीकडून एका गुणाने गमावला, तेव्हा बचावाने सगळे जिंकता येते असा दावा मी करत नाही. पुढे 2024 च्या अकराव्या हंगामात हाच शादलू हरियाणा स्टीलर्सकडे होता आणि समोर अंतिम फेरीत पाटणा, ज्याच्याकडे त्या हंगामातला सर्वाधिक गुणांचा चढाईपटू देवांक दलाल होता. हरियाणाने तो सामना 32-23 असा जिंकला. एखाद्या ताऱ्याऐवजी शिकवलेल्या एकजुटीवर संघ उभा राहतो, हे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही दिसते. तिथल्या लष्करी अकादमीला लांब चेंडू फेकणारे नामांकित खेळाडू सहसा मिळत नाहीत, म्हणून तो संघ पुढच्या रांगेने एकजुटीने रेटा द्यायचा आणि चेंडू घेऊन धावायचे, यावरच खेळतो. 2024 मध्ये त्याने 12 सामने आणि आपल्या गटाचे विजेतेपद जिंकले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बोनस रेषेमुळे चढाईपटूला पकडीच्या टप्प्यात न येताही गुण मिळतो, मग मागे उभा राहिलेला बचाव गुण वाटतच राहणार नाही का? बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात खेळाडू असतानाच, आणि त्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवावा लागतो. चढाईपटूचा तोल सर्वांत कच्चा असतो तो याच क्षणी, आणि घोट्याची पकड बसते तीही तेव्हाच. चांगला कोपरारक्षक बोनसची वाटच पाहत असतो. अशा संघाची स्वतःची चढाई साधी चालेल: धावता हात मारून परत येणारे, आघाडी असेल तेव्हा उगाच आत न घुसणारे दोन-तीन गडी पुरे.

खरी अडचण शरीराची आहे. मातीवर सूर मारून पकड करणाऱ्याचे गुडघे, खांदे आणि बोटे आधी जातात. बचावावर संघ उभा करायचा तर महाविद्यालयाने मॅट, गुडघ्याचे पॅड आणि मांड्या-कंबरेच्या ताकदीचा नियमित व्यायाम यांवर खर्च केलाच पाहिजे. तो न करता मुलांना पकडीला जुंपणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडे एक मागणी: उत्कृष्ट चढाईपटूला जे बक्षीस देता, तेवढ्याच रकमेचे उत्कृष्ट पकडीलाही द्या. बारावीतून आलेला धिप्पाड मुलगा कोपऱ्यात उभा राहायला आपणहून तयार व्हावा, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.