हातांची लाज कोणाला?

मुंबई-पुण्यांत जपानी व थाई उपाहारगृहांत सहकुटुंब जेवावयास जाण्याची वहिवाट आतां मध्यमवर्गांतही पडली आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची ज्यांनीं आपलीशी केली, त्यांनीं परक्या अन्नाविषयीं सोंवळ्याचा आव आणूं नये. आमचा आक्षेप आहे तो खाणारांच्या ढोंगावर.

थाई रस्साभात समोर येतांच आमची मंडळी काड्या मागतात, आणि त्या न मिळाल्यास हें हॉटेल अस्सल नव्हे, असा निवाडा देतात! वस्तुतः थायलंडांत भाताचें जेवण चमच्यानें होतें. डाव्या हातांतील कांटा अन्न चमच्यांत लोटण्यापुरता. काड्या लागतात त्या मुख्यतः शेवयांना. त्या देशाच्या उत्तर व ईशान्य भागांत तर चिकट भाताचा घांस बोटांनींच वळतात. जपानांत काड्यांचा मान मोठा खरा. परंतु ज्या भोजनपरंपरेस युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें, तिच्यांतही सुशी हातानें उचलणें शिष्टसंमत आहे.

घरीं वरणभात कालवणारा गृहस्थ मात्र तेथें काड्यांतून निसटणाऱ्या सुशीशीं झुंजत बसतो, आणि हात पुढें करणाऱ्या मुलावर डोळे वटारतो. त्या मुलास यांतून जपान कळत नाहीं. बापाला स्वतःच्या हाताची लाज वाटते, एवढेंच कळतें. परक्याच्या पंक्तीस खुशाल बसावें. पण त्याची रीत आधीं नीट विचारून घ्यावी, आणि आपल्या रीतीबद्दल मुलांना लाजावयास शिकवूं नये.