व्याजदर एक, घरांचे बाजार अनेक

नवी दिल्ली : रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ही कपात साऱ्या देशासाठी एकच होती. घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला मात्र तिचा लाभ शहरागणिक कमी-अधिक मिळतो. घरांच्या किमतींवर व्याजदराइतकाच, किंबहुना अधिक, प्रभाव स्थानिक जमीन, रोजगार आणि राज्यांच्या धोरणांचा असतो.

साधा हिशेब पाहता येईल. ५० लाख रुपयांच्या २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा व्याजदर साडेआठ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर आला, तर मासिक हप्ता सुमारे ३,१०० रुपयांनी घटतो. मात्र घराची किंमत आणि त्याबरोबर कर्जाची रक्कम पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढली, की हप्ता पुन्हा पूर्वीइतकाच होतो. ज्या शहरात किमती वेगाने चढत आहेत, तेथे ही सवलत वर्षभरातच विरून जाते. जेथे त्या संथ आहेत, तेथे ती खरोखर कुटुंबाच्या हाती राहते.

किमतींचा हा फरक मोजण्याचे साधनही अलीकडेच विस्तारले आहे. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक दीर्घकाळ दहा शहरांपुरता होता. २०२२-२३ हे आधारवर्ष धरलेल्या नव्या मालिकेत १८ शहरे असून त्यांत पुणे, ठाणे आणि नागपूर यांचाही समावेश आहे. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ ५० शहरांची नोंद ठेवतो. तरीही रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक नोंदणीकृत व्यवहारांवर आधारलेला असल्याने त्यात दस्तावर दाखवलेली किंमतच उतरते. या किमतीवर सरकारी मूल्यदराचा प्रभाव असतो. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर, गुजरातमध्ये जंत्री, तर दिल्लीत सर्कल रेट म्हणतात. गुजरातने २०११ नंतर थेट एप्रिल २०२३ मध्ये जंत्रीचे दर दुप्पट केले. अशा बदलानंतर कागदावरील वाढ आणि बाजारातील वाढ यांची गल्लत होण्याची शक्यता असते.

प्रदेशांमधील तफावतीची कारणेही निरनिराळी आहेत. मुंबईला समुद्राने वेढल्याने मोकळी जमीन दुर्मीळ आहे आणि नवा पुरवठा मुख्यतः जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून येतो. हैदराबादमध्ये २००६ पासून चटई क्षेत्र निर्देशांकावर मर्यादा नसल्याने मागणी वाढली, तरी उंच इमारतींच्या रूपाने पुरवठाही वाढू शकतो. नोएडा आणि ग्रेटर नोएडात रखडलेल्या प्रकल्पांमुळे ग्राहकांचा विश्वास उडाला आणि बाजार अनेक वर्षे थंड राहिला. त्याच राजधानी परिसरातील गुरुग्राममध्ये द्वारका द्रुतगती मार्गालगतच्या किमती मात्र झपाट्याने वाढल्या. म्हणजे ‘दिल्ली परिसर’ हादेखील एकच बाजार नाही.

राज्य सरकारांच्या निर्णयांचा परिणाम किती तात्काळ असतो, हे महाराष्ट्राने २०२० मध्ये अनुभवले. राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली. करोनाच्या सावटातही डिसेंबरमध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्तांची नोंदणी झाली.

याउलट, केंद्राच्या काही सवलतींमध्ये ही प्रादेशिक भिन्नता पुरेशी उतरलेली नाही. बांधकामाधीन परवडणाऱ्या घरांवर एक टक्का वस्तू व सेवा कर आहे, तर इतर घरांवर पाच टक्के. एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराची व्याख्या महानगरांत ६० चौरस मीटर आणि अन्यत्र ९० चौरस मीटर चटई क्षेत्राची आहे. किमतीची मर्यादा मात्र सर्वत्र ४५ लाख रुपयेच आहे. याचा अर्थ, पूर्ण ६० चौरस मीटरचे घर या व्याख्येत बसायचे असेल, तर त्याचा दर चौरस फुटाला सुमारे सात हजार रुपयांच्या आत हवा. मुंबई शहरात या दराने नवे घर मिळणे जवळपास अशक्य आहे. लहान शहरांत ते सहज मिळू शकते. ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार रुपये कर पडतो, तर ४६ लाखांच्या घरावर दोन लाख ३० हजार. पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मधील व्याज अनुदानासाठीही घराच्या किमतीची ३५ लाखांची एकच मर्यादा आहे.

रिझर्व्ह बँकेने प्राधान्यक्षेत्र कर्जांसाठी वेगळी वाट स्वीकारली आहे. एप्रिल २०२५ पासून गृहकर्जाची मर्यादा ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ५० लाख, दहा ते ५० लाख लोकसंख्येच्या शहरांत ४५ लाख आणि इतरत्र ३५ लाख रुपये आहे. लोकसंख्या हा काटेकोर निकष नाही. समान आकाराच्या दोन शहरांतही किमतींत मोठे अंतर असू शकते. तरीही स्थानिक वास्तव मान्य करण्याच्या दिशेने ते एक पाऊल आहे.

१८ शहरांचा निर्देशांक आणि ५० शहरांचा ‘रेसिडेक्स’ हाती असताना करसवलत आणि अनुदानाच्या मर्यादा त्यांच्याशी जोडणे कठीण नाही. तसे केल्यास महसुलाचा काही भार सरकारला सोसावा लागेल आणि सीमारेषेवरील शहरांबाबत वादही होतील. मर्यादा आहेत तशाच राहिल्या, तर रोजगारासाठी महानगरात आलेल्या मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला सवलतीचे घर कामाच्या ठिकाणापासून दूर उपनगरांपलीकडेच शोधावे लागेल आणि हप्त्यात वाचलेला पैसा रोजच्या प्रवासावर खर्च होईल.