गोल्डफिश कुणाला म्हणता राव?

"ए गोल्डफिश!" आपल्या होस्टेलवर दिवसातून दहा वेळा तरी ही हाक ऐकू येते. मेसचं कार्ड विसरला, गोल्डफिश. ओरलला फॉर्म्युला आठवला नाही, गोल्डफिश. का, तर म्हणे या माशाची मेमरी फक्त तीन सेकंदांची!

मित्रांनो, हे साफ खोटं आहे. २००३ मध्ये इंग्लंडच्या प्लायमाउथ विद्यापीठात गोल्डफिशना खाण्यासाठी एक छोटा खटका दाबायला शिकवलं. मग तो खटका दिवसातून फक्त एक तास चालू ठेवला. माशांनी ती वेळसुद्धा ओळखली! त्यांची आठवण निदान तीन महिने टिकते, असं तेव्हा सांगितलं गेलं. (सेमिस्टर संपल्यावर आपली किती टिकते, ते न बोललेलं बरं.)

सांगलीच्या बाजारात मिळणाऱ्या रोहू-कटल्याच्याच कुळातला हा मासा. चिनी लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी तो शोभेसाठी पाळायला सुरुवात केली, तीही तळ्यात. नीट ठेवला तर वीतभर वाढतो, दहा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश तर ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये गेला. आणि आपण त्याला बर्थडे गिफ्ट म्हणून गोल बाऊलमध्ये कोंबतो. फिल्टर नाही, तोंड अरुंद म्हणून हवा कमी, आणि त्यानेच कल्ल्यांतून सोडलेला अमोनिया त्याच पाण्यात साठत जातो. आठवड्यात मेला की म्हणायचं, "नाजूक असतात हो!"

आता शब्दाचं. हा टोमणा होस्टेलवर आला तो आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या इंग्रजीतून. मराठीत विसरणाऱ्याला 'विसरभोळा' म्हणतात; त्यात निदान 'भोळा' तरी आहे, थोडी माया आहे. गोल्डफिशमध्ये फक्त 'तुला डोकंच नाही'. आमच्या मजल्यावर माणदेशातला एक जण आहे, बारावीपर्यंत मराठी मीडियम. मेकॅनिक्स रात्री आम्हालाच समजावून सांगतो, पण ओरलला इंग्रजीत अडकतो. त्याला उत्तर आठवत नाही असं नाही, वाक्य जुळत नाही. त्यालाही हेच नाव पडलंय, आणि हल्ली तो ओरलच्या आदल्या दिवशी जेवत नाही.

बाकी, ज्यांच्या रूमवर बाऊल आहेत त्यांनी वर्गणी काढून एक मोठी टाकी आणि फिल्टर घ्यावा. कॉमन रूममध्ये टीव्हीच्या बाजूचा कोपरा रिकामाच आहे. रेक्टर सरांना मी विचारतो.