गवंडी आपला, कागद कुणाचा?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या १२१ चाळींच्या जागी चाळीस मजली टॉवर उभे राहत आहेत. रहिवाशांना आधी कुठे हलवायचं, कोणती चाळ कधी पाडायची, स्लॅब कधी भरायचा, सुरक्षेवर किती खर्च करायचा, हे ठरवण्याचं शास्त्र म्हणजे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट.

दोस्तांनो, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या साइटवर जा. सेंटरिंग, सळई, प्लंबिंग, टाइल्स या कामांवर आपली माणसं भेटतील. साइट ऑफिसात शिरा, आपली नावं विरळ होतात. भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळं खापर त्याच्यावर फोडून आपण मोकळे होतो.

सिव्हिलची डिग्री घेतलेल्या मुलाला घरी काय सल्ला मिळतो? "आणखी शिकून काय करणार? गल्फला जा, नाहीतर मामूंबरोबर ठेका घे." माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये आणि अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेजमध्ये याच विषयाचं एम.टेक. आहे, पुण्यात निकमार आहे. गेट परीक्षेत पात्र ठरून मान्यताप्राप्त एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. हे किती घरांत माहीत आहे?

प्रश्न फक्त पगाराचा नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराची कल्याण मंडळात नोंदणी होते. त्यासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकरही घेतला जातो. पण नोंदणीला ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. हजेरी चिठ्ठीवर आणि हिशेब तोंडी असेल, तर दाखला येणार कुठून? आपलेही कितीतरी ठेकेदार आपल्याच भावांना तो देत नाहीत. जुम्म्याच्या खुतब्यात मजुराच्या हक्काबद्दल ऐकायचं आणि शनिवारी हजेरी खिशात ठेवायची, हे कुठवर चालणार?

शिकलेला मॅनेजर आपोआप इन्साफ करेल असं नाही. पण मस्टर, मोजमाप आणि करार ज्याला वाचता येतात, त्याला निदान सबब राहत नाही.

म्हणून मामूंचा ठेका सोडू नका. शिकून या आणि त्या ठेक्याचे कागद नीट करा. सुरुवात मजुरांच्या हजेरीपासून करा.