पेंगणारे पोर आणि बोटावरचा थेंब



मागच्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी तोरणमाळला गेलो होतो. यशवंत तलाव पाहून परतताना वाटेवरच्या एका वसतिगृहात वह्या वाटायला थांबलो. सहावीतला एक पावरा मुलगा हातात वही धरूनच पेंगत होता. गुरुजी म्हणाले, "हा आमचा कुंभकर्ण. रोज बाकावर उभा करतो, तरी झोपतो." पोरं हसली. मलाही हसू आलं, हे कबूल करतो. कचेरीत जेवणानंतर आम्हीही डुलक्या घेतो, पण आम्हाला कोणी बाकावर उभं करत नाही.

आमच्यासोबत एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी पोराला जवळ घेऊन विचारलं, "रात्री झोप लागते का रे?" तो हळूच म्हणाला, हातपाय ठणकतात. थंडीत जास्तच. बाईंनी त्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. पांढऱ्या भागावर पिवळसर झाक होती. आई दोन वर्षे त्याला भगताकडे नेत होती. बाईंनी आग्रह धरून रक्त तपासायला लावलं. सिकलसेल निघाला.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान नसांत अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी, रात्री कळा, आणि दिवसा पेंग. थंडी आणि पाणी कमी पिणे, दोन्हींनी दुखणे उसळते. तोरणमाळच्या गारठ्यात गार पाण्याची आंघोळ म्हणजे त्या पोराला शिक्षाच होती.

तपासणी अगदी साधी. बोटातला थेंब द्रावणात टाकतात; ते गढूळ झाले तर सिकलचा अंश आहे. मग वाहक की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी तपासणी करतात. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणाला मूल रुग्ण होण्याची शक्यता रुपयात चार आणे. हा आजार फक्त सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचा नाही. विदर्भात आपल्या समाजातही तो पुष्कळ आहे, आणि लग्न मोडेल या भीतीने आपण तो लपवतो. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे, त्यात आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते.

पण प्रत्येक पेंगणारे पोर सिकलसेलचे नसते. रक्त ठीक, रात्रीची झोप पुरेशी, तरीही जेवता जेवता झोपते. खळखळून हसले की गुडघे लटपटून खाली बसते, पण शुद्ध जात नाही. असे असेल तर तो नार्कोलेप्सी नावाचा मेंदूचा विकार असू शकतो. पुष्कळदा त्याला फिट समजतात, नाहीतर बाहेरची बाधा. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, १९९८ साली, शास्त्रज्ञांना मेंदूतले ओरेक्सिन हे द्रव्य सापडले. माणसाला जागे ठेवण्याचे काम ते करते. या विकाराच्या मुख्य प्रकारात ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात.

मग हेही रक्तात दिसते का? एक आनुवंशिक खूण दिसते. ती बहुतेक रुग्णांत असते, पण ठणठणीत माणसांतही अनेकांत असते. तेवढ्यावर पोरावर शिक्का मारता येत नाही. रक्तातले ओरेक्सिन मोजण्यावरही भरवसा ठेवता येत नाही. ते पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मोजतात. नाहीतर रात्रभराच्या झोपेची आणि दुसऱ्या दिवशीच्या डुलक्यांची यंत्रावर नोंद घेतात. यासाठी मोठ्या शहरातल्या मेंदूविकार तज्ज्ञाकडे जावे लागते. आजार मुळापासून जात नाही, पण औषधाने आणि दिवसातल्या ठरावीक डुलक्यांनी मूल शाळा करू शकते. म्हणून आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल पाहून घ्या. ते ठीक निघाले आणि पेंग सुटली नाही, तर पुढची चिठ्ठी मागा.

तोरणमाळच्या त्या पोराला आता डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू केली आहे. आंघोळीला कोमट पाणी मिळते. गुरुजींनी त्याचा बाक दाराजवळ, सकाळचे ऊन येते तिथे हलवला, असे नर्सबाई परवा सांगत होत्या.