दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेला कायदा

अर्थशास्त्राच्या पदवीवर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला ‘कॉब-डग्लस’ हे जोडनाव ठाऊक असते. श्रम आणि भांडवल यांच्या वापरावरून उत्पादनाचे गणित मांडणारे हे सूत्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. परीक्षेपुरते ते पाठ होते आणि बहुधा परीक्षेबरोबरच विसरलेही जाते. या जोडनावातील पॉल डग्लस पुढे १९४९ ते १९६७ अशी अठरा वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये इलिनॉय राज्याचे प्रतिनिधी होते, हे क्रमिक पुस्तके सहसा सांगत नाहीत.

लोकप्रतिनिधीच्या कामाचा हिशेब हल्ली आकड्यांनी होतो. हजेरी किती, प्रश्न किती, विधेयके किती मांडली आणि त्यांतील किती संमत झाली, एवढे पाहून शेरा मारला जातो. आपल्या संसदेत १९७० नंतर एकाही अशासकीय विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा या मापाने आपले बहुतेक खासदार शून्यावरच राहतील. अमेरिकेत सरकारी आणि अशासकीय असा विधेयकांचा भेद नाही; तेथे विधेयकावर सदस्याचेच नाव असते आणि म्हणून हे माप अधिक भरवशाचे वाटते. डग्लस यांची कारकीर्द तपासली म्हणजे तो भरवसाही फोल ठरतो.

१९६० साली त्यांनी हप्तेबंदीच्या कर्जासंबंधी एक विधेयक मांडले. कर्ज देणाऱ्याने व्याजाचा खरा वार्षिक दर कर्जदाराला लेखी सांगावा, एवढीच त्यातील मुख्य मागणी. ती का करावी लागली हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १,२०० डॉलर सहा टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले. व्याजाचे ७२ डॉलर सुरुवातीलाच मुद्दलात मिळविले, की १,२७२ डॉलर होतात आणि दरमहा १०६ डॉलरचा हप्ता पडतो. परंतु पूर्ण मुद्दल कर्जदाराच्या हाती पहिल्या महिन्यापुरतेच असते; पुढे ते दरमहा घटत जाते आणि व्याज मात्र सबंध १,२०० वर आकारलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर दर निघतो अकरा टक्क्यांच्या जवळ. आपल्याकडे ‘फ्लॅट रेट’ने दुचाकी घेणाऱ्यास हा प्रकार नवा नाही.

मागणी इतकी साधी, तरी विरोध मात्र चिवट झाला. वित्तकंपन्या, बँका आणि उधारीवर माल विकणारी दुकाने एकवटली. दराचा हिशेब फार किचकट आहे, दुकानातील कारकुनाला तो जमणार नाही, गिऱ्हाईक उगाच गोंधळेल, असे युक्तिवाद झाले. कारकुनाच्या बुद्धीची ही काळजी त्याच्या मालकांना वाटावी, हे विशेषच! सिनेटच्या बँकविषयक समितीचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे विलिस रॉबर्टसन, विधेयकाच्या विरुद्ध होते. डग्लस यांची मुदत संपेपर्यंत ते समितीबाहेर पडलेच नाही.

१९६६ च्या निवडणुकीत डग्लस यांचा पराभव झाला. पराभव करणारे चार्ल्स पर्सी हे शिकागो विद्यापीठातील त्यांचेच एके काळचे विद्यार्थी. त्याच वर्षी रॉबर्टसनही पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. अडसर दूर झाला, पण तोवर विधेयकाचा कर्ता सभागृहात उरला नव्हता. विस्कॉन्सिनच्या विल्यम प्रॉक्समायर यांनी १९६७ मध्ये ते पुन्हा मांडले आणि सिनेटने ते ९२ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहात लिओनोर सलिव्हन या सदस्येने त्यास बळकटी आणली. २९ मे १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांची सही होऊन ‘ट्रुथ इन लेंडिंग’ कायदा अस्तित्वात आला. सहा वर्षे ज्याला समितीच्या दाराबाहेर पडू दिले नाही, त्याला विरोध करणारे एकही मत नव्हते. श्रेय अर्थातच प्रॉक्समायर यांच्या खात्यावर जमा झाले.

याउलट, जो कायदा डग्लस यांच्या नावावर निर्विवादपणे जमा आहे तो मागासलेल्या, बेकारीग्रस्त विभागांच्या पुनर्विकासाचा. १९५५ पासून त्यांनी तो लावून धरला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५८ व १९६० असा दोनदा नकाराधिकार वापरला आणि १९६१ मध्ये केनेडींनी सही केली. मात्र मते मिळविण्यासाठी त्याची व्याप्ती वाढवावी लागली होती. तुटपुंजा पैसा असंख्य परगण्यांत विखुरला आणि १९६५ मध्ये त्याच्या जागी दुसरी योजना आली. तरीही यादीत तो ‘संमत’ म्हणूनच मोजला जाणार!

त्यांच्या कामाचा आणखी एक भाग तर कोणत्याच यादीत बसत नाही. महायुद्ध संपल्यावरही सरकारी रोख्यांचे दर स्वस्त ठेवण्याचे ओझे फेडरल रिझर्व्हवर होते. डग्लस यांच्या उपसमितीने १९५० च्या अहवालात त्या बँकेला पतनियंत्रणाची मोकळीक मिळावी असे ठामपणे मांडले. मार्च १९५१ मध्ये वित्तखाते व बँक यांच्यात समझोता झाला. त्यासाठी विधेयक लागले नाही, मतदानही झाले नाही.

डग्लस यांचे दोषही होतेच. व्हिएतनामच्या युद्धाला त्यांचा पाठिंबा होता आणि तो अखेरपर्यंत टिकला. सभागृहातील देवघेव त्यांना साधत नसे. १९५६ मध्ये नागरी हक्कांचे विधेयक पुढे आणण्याचा त्यांचा प्रयत्न ७६ विरुद्ध ६ मतांनी फेटाळला गेला. अधिक चतुर पुढाऱ्याने तो प्रसंग टाळला असता. मात्र १९६४ साली नागरी हक्कांचा भक्कम कायदा झाला तेव्हा १९५६ च्या त्या सहा मतांची आठवण किती जणांना झाली असेल?

‘ट्रुथ इन लेंडिंग’नेही सावकारी संपली नाही, तो कायदा दर सांगावयास लावतो, उतरवीत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योग कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र सक्तीचे केले आहे. व्याजाबरोबर इतर आकार मिळवून येणारा वार्षिक दर त्यात छापलेला असतो. कारकुनाला जो हिशेब जमणार नाही असे १९६० च्या सुमारास सांगितले जात होते, तोच हा हिशेब.